तिसऱ्या गिअरवरचा हात

माझ्या गाडीला चार वर्षंही झाली नव्हती आणि तिसऱ्या गिअरमध्ये ती घरघरायला लागली. घरघर कसली, जात्यात कोणी खडे भरडावेत तसा आवाज. वर खडकवासल्याच्या रस्त्यावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला यायचा आणि मागचे सगळे हॉर्न वाजवून माझा उद्धार करायचे. दोन गॅरेजवाल्यांनी ऑइल बदललं, आवाज जिथल्या तिथे. शेवटी कसब्यातल्या वैजनाथने गिअरबॉक्स उतरवून उघडला. गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूने पार झिजला होता. तो बघून त्याने मला विचारलं, ‘‘ताई, गाडी गजभिये सरांकडे शिकलात का?’’

मी उडालेच. तो म्हणाला, यंदाचा हा सातवा. गिअरच्या दांड्यावर सतत हात दाबून ठेवला की आतला फोर्क झिजतो, आणि ही सवय एकाच क्लासची.

भीमराव गजभिये मूळचे भंडाऱ्याचे. पुण्यात येऊन कंपनीची बस चालवली आणि मग शनिवार पेठेत एका गाडीवर ड्रायव्हिंग क्लास काढला. आपल्या एकाही विद्यार्थ्याचा आजवर अपघात नाही, हे ते पहिल्या दिवशी सांगत, आणि नंतर रोज सांगत. तीच त्यांची आयुष्याची कमाई. त्या गाडीचा तिसरा गिअर सुटायचा. दुरुस्त करायचं सोडून सरांनी उपाय काढला होता: तिसरा टाकला की हात सोडायचा नाही. सोडला की बोटांवर लाकडी पट्टी, आणि एकच शब्द, ‘‘हात.’’ मी बेचाळीस वर्षांची, बँकेत अधिकारी, आणि पट्टी खात होते. हे त्या एका गाडीचं दुखणं आहे, असं सर कधी बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, गाडी अशीच चालवतात.

माझं डोकं असं फिरलं होतं की दुसऱ्या दिवशी तो फोर्क पिशवीत घालून मी थेट क्लासवर गेले. सर सलोनी नावाच्या मुलीला शिकवून नुकते परतले होते. तिची परीक्षा पुढच्या आठवड्यात, आणि गाडी उभी असतानाही तिचा हात गिअरवर. सरांनी आधी खड्ड्यांना दोष दिला, मग हल्लीच्या पत्र्याच्या गाड्यांना, मग माझ्या क्लच दाबण्याला. वा! पैसे माझे गेले आणि चूकही माझीच.

‘‘सर, तुमच्या गाडीचा तिसरा सुटत होता म्हणून आम्ही हात धरला,’’ मी म्हणाले. ‘‘माझ्या गाडीचा आधी सुटत नव्हता.’’

फोर्क हातात घेऊन सरांनी झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, सलोनीचा हात बघितला आणि आज क्लास बंद म्हणून आत निघून गेले. घरी येताना मला स्वतःचाच राग आला. अडुसष्ट वर्षांच्या माणसाची एवढीच तर मिरवायची गोष्ट होती, आणि तीही मी भर रस्त्यात, विद्यार्थिनीसमोर मोडीत काढली.

संध्याकाळी क्लासच्या ग्रुपवर सरांचा मेसेज आला. ‘सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांनी तिसऱ्या गिअरवरचा हात काढावा. दुखणं माझ्या गाडीचं होतं, शिकवलं मी तुम्हाला. चूक माझी. भी. गजभिये.’ ग्रुपवर सहाशे माणसं. मग एकाने विचारलं, ‘सर, मग हात कुठे ठेवायचा?’ उत्तर आलं: ‘स्टिअरिंगवर. रविवारी या, सवय मोडून देतो. फी नाही.’

रविवारी सात वाजता आम्ही अकरा जण हजर. सलोनी सोडली तर सगळे चाळिशीपुढचे आणि सगळे वैतागलेले. सरांनी क्लासच्या गाडीला गिअरबॉक्स नवा बसवून घेतला होता. आधी मी दाखवतो म्हणून ते स्वतः चालवायला बसले. मी शेजारी, सलोनी मागे. नदीकाठच्या रस्त्यावर त्यांनी तिसरा टाकला. गाडी इतकी बिनआवाज चालली की मला ती त्यांची वाटेना. ‘‘बघा, आता सोडायचा,’’ सर म्हणाले.

हात सुटेना. पुलापर्यंत आलो तरी बोटं दांड्यावरच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर. मी डॅशबोर्डवरची लाकडी पट्टी उचलली आणि त्यांच्या बोटांवर हलकेच टेकवली.

‘‘हात,’’ मी म्हणाले.