बॅट टाक आणि पळ

जळगाव स्टेशनवर मला निरोप द्यायला माझी थोरली बहीण अक्का अमळनेरहून आली होती. हातात तिची बेसबॉलची लाकडी बॅट होती, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. ती मी अमेरिकेला न्यावी, असं तिचं म्हणणं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्याकडे न बघता विचारलं, "तठे बॅटींना काय दुकाळ शे?" गाडी हलली. बॅट अक्काजवळच राहिली.

जळगावात मुली बेसबॉल खेळतात, हे इथे ओहायोत कुणाला खरं वाटत नाही. कारण साधं आहे. राज्य पातळीचं प्रमाणपत्र मिळालं की दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागा असतात. आबांनी त्याच विचाराने आम्हा दोघींना मैदानावर पाठवलं. "सर्टिफिकेटपुरतं खेळा," ते सांगत. मी बहुतेक वेळा बाकावर असे. अक्का संघाची मुख्य फलंदाज, उजव्या हाताची. आमच्या मेहरूण भागातल्या गल्लीत क्रिकेट खेळून ती तयार झाली होती, त्यामुळे एक खोड जाता जात नव्हती: चेंडू मारला की ती बॅट हातात घेऊनच पळायची. सर म्हणत, "अगं, बॅट काय माहेराहून आणलीस? टाक आणि पळ." मुली हसत. मग कुंपणापलीकडे गेलेला चेंडू त्यांनाच शोधून आणावा लागे.

प्रमाणपत्र मिळालं. पाठोपाठ राष्ट्रीय शिबिरासाठी अक्काची निवड झाली. आबांनी सरांना घरी बोलावलं, चहा दिला आणि नम्रपणे सांगितलं की आमचं काम झालं. त्याच वर्षी अमळनेरचं स्थळ ठरलं. सरांनी आहेर म्हणून ती बॅट दिली. मला मात्र आबांनी पुढे शिकवलं. "एक जाई, एक राही," आबा म्हणाले. कोणी सासरी जायचं, हे खेळावरून ठरलं नाही. मी धाकटी होते, एवढंच.

आता मी एका क्रीडा संकेतस्थळाच्या डेस्कवर आहे. यंदा बेसबॉलच्या इतिहासातल्या सर्वश्रेष्ठ उजव्या हाताच्या फलंदाजांची क्रमवारी लावायची होती. सरासरी, होमरन, त्या त्या काळातले गोलंदाज, सगळ्यावर वाद झाले. पहिल्या जागेसाठी मी एका कृष्णवर्णीय खेळाडूचं नाव लावून धरलं. गोऱ्यांच्या लीगमध्ये त्याला कधी खेळू दिलं नाही. वेगळ्या लीगमधले त्याचे आकडे मुख्य नोंदींत धरले गेले ते मृत्यूनंतर अनेक दशकांनी. माझं म्हणणं मान्य झालं. निर्णयाचं कौतुकही झालं. उशिरा केलेल्या न्यायाला फारसा खर्च येत नाही.

रविवारी अक्काला फोनवर हे सांगितलं. मागे धप्प धप्प आवाज येत होता. तिची जाऊ गच्चीत गोधड्या झोडपत होती, त्याच बॅटने. ऐकून झाल्यावर अक्काने विचारलं:

"त्याना आकडा मोजात तवय तो व्हता का?"

"नाही."

"मंग कोनाकरता मोजात?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. फोन कानाशी तसाच ठेवून ती जावेला म्हणाली, "नुसता हात नको चालवू. कंबर फिरव."

पुढचा आवाज मोठा आला.

घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं तर मी जळगाव सांगते. मला ऐकू येते ती मात्र अमळनेरची गच्ची.