पांढऱ्या कोटाचं शास्त्र
कुंडीतली माती उकरली की मला मेडशी गावातला तो पार आठवतो. माती तपासायला आलेल्या चुलत बहिणीच्या पांढऱ्या कोटाभोवती गर्दी होती आणि समाजशास्त्रात एम.ए. करणारी मी तिच्या पिशव्या धरून उभी होते. "तुहं कायचं शास्त्र, नुसत्या गप्पा," ती हसली. मला झोंबलं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "निकाल चारचौघांत वाचणार, म्हणून सगळ्यांनी उकिरड्याजवळची कसदार माती आणली. सोयरिकीचे दिवस हायेत, हलकं वावर कोण दाखवन?" मग तिनं सगळ्यांना वावराच्या मधली माती आणायला पाठवलं. "पोरीनं बरोबर वळखलं," लोक तिच्याकडे पाहून म्हणाले, "याले म्हंतात सायन्स." आज मी समाजशास्त्र शिकवते, तरी तो कोट मला अजून हवा आहे.