तो आवाज सायमाजींचा नव्हता

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागून नाही राहिलं, म्हणून इथे लिहिते.

मी जबलपूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवते. लाहोरच्या प्राध्यापिका सायमाजी आणि मी मिळून आज दोन्हीकडच्या मुलांचा ऑनलाइन वर्ग ठेवला होता. एआयच्या काळात शेजारी देशांनी शांततेनं कसं राहावं, हाच विषय.

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एक क्लिप आली. सायमाजींच्या आवाजात भारताला शिव्या होत्या. वर्षभर त्यांच्याशी बोलतेय, एआयनं बनवलेली आहे हे मला लगेच कळलं.

प्राचार्यांनाही पटलं. "मॅडम, नकली है, मानता हूँ. पर बाहर किस-किस को समझाएँगे?" असं म्हणून त्यांनी वर्ग रद्द केला. मी भांडलेसुद्धा नाही.

क्लिप नकली आहे हे मुलांना सांगितलं, तर एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, पप्पांनी क्लिप ऐकली. आता ते मला अशा वर्गाला बसू नाही देणार."

मग क्लिपचं आणि वर्ग रद्द झाल्याचं कळल्यावर सायमाजींचा मेसेज आला. "आपने तो यक़ीन नहीं किया न?"

"बिल्कुल नहीं," मी लिहिलं.

"तो क्लास अब कब रखें?"

याचं उत्तर अजून दिलेलं नाही. तुम्ही काय लिहिलं असतं?