काठ, पांदण, उतार

आमच्याकडे एखाद्याला सायकल येते का, असं कुणी विचारत नसे. कुठवर येते, असं विचारत. काठ, पांदण की उतार?

काठ म्हणजे कालव्याची पाळ. मुरूम दाबून सपाट केलेला, जीप जाईल एवढा रस्ता. लहान पोरं आणि नोकरदारांच्या मुली तिथे शिकत. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी बाभळी आणि मधून बैलगाड्यांची खोल चाकोरी. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी वाळायची, चाक एकदा चाकोरीत उतरलं की ती नेईल तिकडे जायचं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गाळ. आणि उतार म्हणजे तांड्याचा उतार. माळावरच्या तांड्यापासून खाली पांदणीच्या तोंडापर्यंत सुटा मुरूम, मध्ये एक वळण, वळणावर उघडा पडलेला खडक. तो बसून कुणी उतरत नसे. तांड्यातली मोठी माणसंही सायकल हातात धरून खाली आणत आणि पांदणीशी आल्यावर टांग मारत.

मी काठाची होते. वडील कालव्याच्या कचेरीत नोकरीला, आम्ही कळमनुरीच्या अलीकडे कालव्यालगतच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी जीपने इंग्रजी शाळेत जायचे. माझं मराठी पुस्तकी होतं. ते ऐकून आसपासच्या मुली हसत, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं.

ती मला पाळीवरच भेटली. तांड्यातली, माझ्याच वयाची, निळ्या गणवेशात, एका जुन्या लेडीज सायकलवर. मी म्हटलं, "तुमची चेन उतरली आहे."

तिने मागे वळून पाहिलं. "तुमची? आन कोण हाय माझ्या मागं?"

ती खाली बसून चेन चढवायला लागली. "काहून इतकं गुळगुळीत बोलतीस गं? पुस्तक खाऊन आलीस का?"

त्या दिवसापासून मी तिची इंग्रजीबाई झाले.

ती नववीत होती. तिचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथे मोजणी. तांड्यातल्या तिच्या वयाच्या मुली आधी आईबापाबरोबर जात, मोळ्या बांधत, आणि मग लग्न होऊन दुसऱ्या एखाद्या कोयत्याचा अर्धा भाग होत. तिला जायचं नव्हतं. तिला दहावी करायची होती. वडिलांनी कबूल केलं होतं, पण एका अटीवर. ती मला त्यांच्या आवाजात सांगायची, "आमी तिकडं. तुला आणायला-सोडायला इथं कुणी न्हाई. आपली आपण जाशील तर शाळा. न्हाई जमलं तर कोयता."

सायकल त्यांनीच तिला आणून दिली होती. आईवडील गेले की ती काकाच्या घरी राहायची. सकाळचं पाणी, भाकरी, झाडलोट करून निघेपर्यंत उशीर व्हायचा. उतारावरून सायकल हातात धरून आणायची तर सुट्या मुरमात तीच आधी घसरायची आणि शाळेची घंटा चुकायची. दोनदा वर्गाबाहेर उभं राहावं लागल्यावर ती बसून उतरायला शिकली.

रविवारी ती शिकायची आणि मी खाली पांदणीच्या तोंडाशी बाभळीखाली थांबायचे. मला ते पाहवायचं नाही, आणि नजरही काढता यायची नाही. मागचा ब्रेक वरपासूनच दाबून धरायचा, पुढचा नुसता चाटू द्यायचा. खडक दिसला की डावीकडे अंग टाकायचं. दोन्ही कोपरं सोलली, मग जमलं. तिने मला पांदण शिकवली. चाकोरीत चाक अडकलं की हँडलशी झगडायचं नाही, हे पहिलं. मी न पडता पांदणीच्या टोकापर्यंत गेले तेव्हा ती म्हणाली, "झालीस पांदणीची. आता तुमी म्हणायला हरकत न्हाई तुला."

घरी तिने उताराचं सांगितलं नव्हतं. "बापूला कळलं तर आधी मला बडवतील, मंग सायकल इकून टाकतील." तेव्हा वडिलांच्या हिशेबात ती सगळ्यांसारखीच उतार पायी उतरत होती.

दरवर्षी पावसाळ्यात वडील स्वतः तिला सोडत आणि ते ऊसतोडीला निघेपर्यंत पांदण वाळलेली असे. दहावीच्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला. पांदणीतून सायकल नेणं म्हणजे काय, ते काळ्या मातीत राहिलेल्यालाच कळेल. चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरतो, ब्रेकच्या रबरांवर थापला जातो, चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर. म्हणून आमच्याकडचे लोक पावसाळ्यात मडगार्ड काढून ठेवत आणि पाना घेऊन ब्रेकची रबरं रिमपासून चांगली लांब सरकवत. सपाटीवर ब्रेक लागतोच कशाला? पाय आहेत की.

त्या वर्षी आईवडील निघाले त्या दिवशी तिची शाळा उघडत होती. माझी अजून उघडायची होती, म्हणून मी सकाळी पांदणीच्या तोंडाशी येऊन थांबले होते. मुकादमाचा ट्रक पलीकडच्या गाडीवाटेने आला आणि माणसं, भांडी, गाठोडी, कोंबड्या घेऊन गेला. त्याचा आवाज विरल्यावर ती वर दिसली. दप्तर कॅरिअरला बांधलेलं. मला पाहून तिने हात केला आणि बसली.

पहिल्या काही हातांतच मला कळलं की हा तिचा वेग नाही. ती ओरडली नाही. दोन्ही ब्रेक तिने दाबून धरले होते, हँडलला टेकेपर्यंत. वळणावर तिने डावीकडे अंग टाकलं, पाय खाली टेकवायला गेली, आणि गुडघा खडकावर आदळला. सायकल पुढे आणखी दोन कोलांट्या खात माझ्यापाशी आली. घंटी एकदाच वाजली.

सायकलला मडगार्ड नव्हते. ब्रेकची रबरं रिमपासून बोटभर लांब होती. नट ताजे फिरवलेले, वर तेलाचा हात. पहाटे ती पाणी भरायला गेली असताना ट्रकची वाट बघत वडिलांनी ते काम उरकलं होतं.

मी तांड्यात धावत गेले आणि ओरडले, "कुणीतरी लवकर या, ती पडली आहे!" माझं ते पुस्तकी ओरडणं ऐकून बायका क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. मग काका आले. गाडी जुंपून तिला शेजारच्या गावी हाड बसवणाऱ्याकडे नेलं. पांदणीत गाडी रुतली तेव्हा ती पहिल्यांदा किंचाळली. सूज उतरेना म्हणून पुढे नांदेडला नेलं, पण तोवर पुष्कळ दिवस गेले होते. प्लास्टर निघालं तेव्हा पाय सरळ राहिला होता, काठीसारखा. गुडघा वाकला नाही, पुढेही नाही. न वाकणाऱ्या गुडघ्याने पायडल मारता येत नाही. आपली आपण जाण्याचा प्रश्न तिथेच मिटला.

निरोप कारखान्यावर पोचला होता. पण हंगाम टाकून येता येत नव्हतं. वडील आले ते उन्हाळा लागल्यावर. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते आमच्या क्वार्टरसमोर येऊन उभे राहिले. आई आत या म्हणाली, तरी आले नाहीत.

"ताई, तुमी तिथं हुत्या म्हणं."

"हो."

"ती सायकल हातात धरून येत हुती का बसून?"

"बसून."

"त्याच दिशी?"

"रोज."

ते पायरीच्या खालीच उकिडवे बसले. बराच वेळ हातातली टोपी उलटसुलट करत होते. "मी म्हणलं पांदणीत गाळ हाय. लेकराला खांद्यावर घ्यायची तकलीफ नको." मग म्हणाले, "मला म्हणली असती तर…" आणि थांबले. म्हणली असती तर सायकल राहिली नसती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी मी तांड्यात गेले. ती बाजेवर पाय लांब करून बसली होती. वडील अंगणात सायकल उलटी करून बसले होते. त्यांनी पान्याने रबरं वर घेतली, नट आवळले, चाक फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबवलं.

"आता धरतो," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, कळलं नाही.

"धरू दे," ती म्हणाली. तिने तिकडे पाहिलं नाही.

मग माझ्याकडे वळून, "पेपर कसे गेले तुमचे?" माझी परीक्षा नुकतीच झाली होती. मी बरे गेले म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा वयाने बराच मोठा, पहिली बायको वारलेली. त्याचा कोयता अर्धा राहिला होता. पाय वाकत नसला तरी उभं राहून मोळी बांधता येते, असं त्याच्या माणसांनी पाहून घेतलं होतं.

नंतर मी शिकायला बाहेर पडले, नोकरीला लागले. दहा-बारा वर्षांनी एकदा दिवाळी करून परतत होते. वारंगा फाट्यावर एसटी थांबली होती आणि शेजारी ऊसतोडीचा ट्रक. वरून कुणीतरी हाक मारली, "इंग्रजीबाई!"

ती गाठोड्यांच्या मध्ये बसली होती. एक पाय पुढे सरळ, खाली वाकळेची गुंडाळी. केस एवढ्यातच पांढरे व्हायला लागले होते. मी खिडकीतून हात बाहेर काढला, पण तो तिथवर पोचत नव्हता.

"कुठवर येतीस आता?" तिने विचारलं.

"स्कूटी चालवते. गावात."

"म्हंजी काठच," ती म्हणाली आणि हसली. ट्रकमधल्या दोघीतिघी, का ते न कळता, तिच्याबरोबर हसल्या.

तिच्या कुशीला आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, मांडीवर कळशी धरून. तिच्याकडे हनुवटी करत ती म्हणाली, "हिलाबी सायकल येती. उतारावर डांबर केलंय आता, कुणीबी बसून येतंय."

"शाळेत जाते?" मी विचारलं.

तिने मुलीच्या केसांवरून हात फिरवला. "जाती की. दिवाळीपतुर."

ट्रक सुरू झाला. तिने दोन्ही हातांनी आपला पाय उचलून आत ओढला, म्हणजे मुलीला टेकायला जागा झाली.