नंदुरबार ते खाडी: स्वस्तातलं फ्लाय फिशिंग आणि माझी कापसाची झोळी

ही सगळी भानगड प्रवीणच्या मोबाइलमुळे सुरू झाली. प्रवीण म्हणजे माझा नवरा. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, आणि सुटी मिळाली की प्रकाशा गावच्या बॅरेजखाली तापीत गळ टाकून बसायचं. गेल्या वर्षी त्यानं कुठल्यातरी परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहून तो माणूस लांबलचक दोरी हवेत मागेपुढे खेळवत होता आणि पिसांच्या खोट्या आमिषावर मासे धरत होता. झालं, आमच्या साहेबांना फ्लाय फिशिंगचं वेड लागलं.

जिनिंगमध्ये सुरतेचे एक शेठ येतात, त्यांनाही हाच शौक. एकदा ते आमच्याकडे चहाला आले आणि त्यांनी सामानाची यादी वाचली. किमती ऐकून मी बशी खाली ठेवली. मी म्हटलं, यापेक्षा स्वस्त काही मिळत असेलच की. शेठ हसले. "भाभी, सस्ते सामान से समुंदर नहीं होता."

त्यांच्या त्या हसण्यानं माझं डोकं सटकलं. मी शाळेत क्लार्क आहे, चार दुकानं पालथी घातल्याशिवाय खडूचा डबासुद्धा घेत नाही. मी तिथेच सांगून टाकलं, की याच्या चौथ्या हिश्शात सगळं सामान मी निवडून दाखवते आणि त्यावर मासाही लागेल.

"अन नही लागना ते?" प्रवीणनं विचारलं.

"तर रॉड विकून टाकू, आणि घरात परत समुद्राचं नाव काढायचं नाही."

बोलून तर बसले. शेठ गेल्यावर प्रवीणचं उतरलेलं तोंड बघून कळलं, की मी त्याचा शौकच पणाला लावलाय.

तुम्हालाही असं जायचं असेल तर मला कळलेलं सांगते. साध्या गळाला शिसं बांधतात, त्याच्या वजनानं दोरी लांब जाते. इथे आमिष म्हणजे पिसाचा हलका गोळा, त्यामुळे वजन दोरीतच लागतं. या जाड दोरीला लाइन म्हणतात. पैसे वाचवायचे तर बाकी कशातही वाचवा, लाइनमध्ये नको. रॉड नऊ फुटी, आठ नंबरचा घेतला; नंबर जितका मोठा, तितका रॉड दणकट. पाच नंबर स्वस्त पडतो, पण समुद्राच्या वाऱ्यात तो कामाचा नाही. चार तुकड्यांत सुटणारा बघा, ट्रेनमध्ये सोपा जातो. रील साधं ॲल्युमिनियमचं, फक्त ब्रेक चांगला. गळ मात्र स्टेनलेसचेच, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंजलेले दिसतात. सगळं दहा हजारांच्या आत बसलं, आणि रॉड दोघांत एकच.

आमिषं घरी बांधली. पिसं खांडबाऱ्याच्या बाजारात मिळाली. कोंबडेवाल्याला मी म्हटलं, कोंबडा राहू दे, मानेची पिसं दे. तो आधी माझ्याकडे आणि मग प्रवीणकडे बघत राहिला, आणि पैसे घेईना. चमकी घेतली पोळ्याला बैलांचा साज मिळतो त्या दुकानातून, गुलाबी आणि पोपटी.

राहिली एक गोष्ट. पाण्यातून ओढून घेतलेली लाइन पायाशी पडली की गुंतते, म्हणून लोक कमरेला खास टोपली बांधतात. तिची किंमत तीन हजार! मी मोठ्यानं हसले. मी रनाळ्याची, शाळेत असल्यापासून कापूस वेचलाय. कमरेला झोळी बांधायचे तीन हजार मी कोणाला देणार? आईची जुनी झोळी काढली, धुतली, पिशवीत घातली आणि स्वतःवर फार खूश झाले.

सराव माहेरी रनाळ्याला, गहू निघालेल्या वावरात. लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे फेकायची, एवढंच तंत्र. प्रवीणला घाई फार, त्याची लाइन दर वेळी त्याच्याच टोपीवर यायची. माझे वडील बांधावर बसून बराच वेळ बघत होते.

"अठे पानी नही, मासा नही," ते शेवटी म्हणाले, "मंग तुम्ही मारी काय ऱ्हायनात?"

तिसऱ्या रविवारी माझी लाइन वीस पावलांवर ठेवलेल्या घमेल्यात पडली. वडिलांनी पानाची चंची बंद केली आणि जवळ येऊन घमेल्यात डोकावून पाहिलं. आमच्याकडे कौतुक एवढंच करतात.

नंदुरबारहून निघालो शनिवारी पहाटेच्या पॅसेंजरनं. तिकीट माणशी शंभराच्या आत. दशम्या, लसणाची चटणी आणि मठाची उसळ सोबत. नवापूर मागे पडलं की डब्यातली भाषा हळूहळू गुजराती होत जाते. उधन्याला गाडी बदलून नवसारी, तिथून शेअर रिक्षानं खाडीकाठच्या एका गावात. खोली सातशे रुपये, पाणी गोडं. ते आधी विचारूनच घ्या, कारण संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्यात धुवावं लागतं.

गावातल्या नटुभाईंना आम्ही वाटाड्या म्हणून घेतलं. साठीचे कोळी, पायात काही नाही, चिखलात आम्ही रस्त्यावर चालतो तसे चालतात. एकट्यानं या चिखलात उतरू नका, कुठे कमरेपर्यंत जाल ते सांगता येत नाही. दिवस त्यांनीच ठरवून दिला होता. फोनवर म्हणाले होते, "आठम पर आवजो, पाणी धीमुं होय." अमावास्या-पौर्णिमेला भरतीचा जोर फार असतो, अष्टमीच्या सुमारास पाणी सौम्य.

आणि पाणी! व्हिडिओतल्या निळ्या काचेची वाट बघत येऊ नका. इथलं पाणी दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं आहे, मासा डोळ्यांना दिसत नाही. पण ओहोटीनं उघडी पडलेली ती मैलभर ओली जमीन, वर बगळ्यांच्या रांगा आणि लांब कुठेतरी समुद्राची एक रेघ. आमची तापी हे सगळं पार करून इकडेच कुठेतरी येऊन मिळते, हे आठवलं आणि मला उगीचच भरून आलं.

प्रवीणनं दोन तास लाइन फेकली, काही नाही. मग माझी पाळी. कमरेला झोळी बांधली, गुलाबी आमिष फेकलं, हळूहळू ओढत आणलं. सहाव्या की सातव्या फेकीला हाताला असा हिसका बसला की मी किंचाळलेच. मासा लाइन घेऊन पळाला, आणि झोळीत साठलेली लाइन सरसर जाण्याऐवजी एक अख्खा गुंता उचलला गेला. तो रॉडच्या पहिल्या कडीत अडकला, लाइनच्या टोकाला बांधलेली बारीक दोरी टप्पकन तुटली आणि मासा गेला.

मी खाली पाहिलं. भिजलेली झोळी अंगाला चिकटली होती आणि उरलेली लाइन तिच्या घड्यांत रुतून बसली होती.

"झोळीनी कल्पना कोननी व्हती?" प्रवीण म्हणाला.

मी गुंता सोडवत राहिले. रडू येत होतं आणि रागही. परत येताना तो पुढे, मी मागे. खोलीवर आल्यावर बादलीत रील धुताना तो पुटपुटला, "शेठ खरंच सांगेत. रॉड इकी टाकूत."

वाईट याचं वाटलं, की त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यानं मानून घेतलं होतं. माझ्या हट्टापायी त्याचं वेड असं बादलीत बुडवू द्यायला मी तयार नव्हते. झोळी वाळत घातली आणि तिच्याकडे बघत बसले. मग लक्षात आलं. कापूस वेचताना वाकलं तरी एक बोंड खाली पडत नाही, कारण झोळी कापसाला धरून ठेवते. ती धरायलाच शिवलेली. मला हवं होतं सोडणारं काहीतरी. चूक माझी होती, पण रॉड, रील, लाइन यांची काहीच चूक नव्हती.

बाजार बंद व्हायच्या आत गेले. कोळणी कोळंबी ठेवतात ती भोकांची प्लास्टिकची टोपली साठ रुपयांना घेतली, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. हार्डवेअरच्या दुकानातून वायर बांधायच्या ताठ प्लास्टिकच्या पट्ट्या घेतल्या आणि तळाला आठ-दहा उभ्या खोवल्या, म्हणजे लाइनची वेटोळी एकमेकांत शिरणार नाहीत. झोळीचे बंद उसवून टोपलीला लावले आणि कमरेला वेचणीवाल्या बायांची गाठ मारली. ती गाठ दिवसभर सुटत नाही.

रविवारी सकाळी नटुभाईंनी टोपली वाकवून पाहिली. "आ सारुं छे," मान डोलावून म्हणाले.

पहिली पाळी मी प्रवीणला दिली. दीड तासानं त्यानं स्वतःच रॉड माझ्याकडे दिला. ओहोटी संपून पाणी परत फिरायला लागलं होतं, नटुभाई "हवे पांच मिनिट, बेन" म्हणून घाई करत होते. मी खाडीच्या कडेला, पाण्याचा रंग बदलतो तिथे आमिष टाकलं. एक ओढ, दुसरी ओढ, आणि हिसका.

टोपलीतली लाइन सुर्र करत सरळ निघून गेली. एकही गाठ नाही. रीलचा ब्रेक ओरडला, आठ नंबरचा रॉड वाकला आणि तसाच वाकून राहिला. "ढील दे, ढील दे!" प्रवीण ओरडत होता, आणि आनंदानं चिखलात गुडघ्यांवर बसला होता. मासा जवळ आला तेव्हा नटुभाईंनी तो उचलला. रावस, माझ्या बोटांपासून कोपरापर्यंत, चांदीसारखा लखलखीत.

मी तो हातात घेतला, प्रवीणनं फोटो काढला, आणि मी तो परत पाण्यात सोडला. पैज मासा लागण्याची होती, खाण्याची नव्हती.

"अरे बेन! छोडी दीधी?" नटुभाईंनी कपाळावर हात मारला. आणि ते तरातरा किनाऱ्याकडे चालू लागले.

सरळ सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला. अजूनही वाटतो. मासा लागला म्हणून आहेच, पण आदल्या दिवशी मी हरले होते आणि तरीही माझं सामान सोडलं नाही, याचा जास्त. दोघांचा दोन दिवसांचा खर्च, खाणं, राहणं आणि नटुभाईंसकट, साडेतीन हजारांत झाला. रील रोज धुतलं, अजून नव्यासारखं फिरतं. रॉड विकायचा विषय घरात परत निघालेला नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि शेठचा फोन आला. फोटो त्यांच्यापर्यंत पोहोचला होता. प्रवीणनं फोन स्पीकरवर टाकला. कोणता रॉड, कोणती लाइन, टोपली कुठली, शेठ एकामागून एक विचारत होते, सुरतेत त्यांच्या दोन भाच्यांना सुरुवात करायची होती म्हणे. प्रवीण नुसता हसत होता.

"शेठ, मी फक्त पिशवी उचली," तो म्हणाला. "सामान हिनं निवडेल शे. मासा बी हिलेच लागना. हिलेच इचारा."

आणि त्यानं फोन माझ्यापुढे धरला. मी पिठाचे हात पुसले, तवा उतरवला आणि म्हटलं, "शेठ, लिहून घ्या."