पाच वर्षांचा प्रश्न

माझ्या बायकोला नगरसेविका व्हायचं होतं. ती झाली नाही याला दोघं जबाबदार, एक सरकार आणि दुसरा मी. सरकारला शिव्या घालून घसा बसला, म्हणून आता स्वतःबद्दल लिहितो.

तिचं मागणं एकच होतं. आमच्या डोंबिवलीच्या बाजारात भाजी-मासळी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी एक मुतारी. हा शब्द मला घरात आवडायचा नाही, म्हणून ती मुद्दाम वापरायची. खाडीकडून येणारी तिची ठरलेली मासेवाली एकदा तिला म्हणाली होती, "आमी सकालपासून पानीच पीत नाय, ताई. जायाचं कुठं?" त्या दिवशी बायको रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि अर्ज लिहायला बसली. वर्षभर अर्ज दिले, प्रत्येकाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. आम्हा शिकल्यासवरल्या लोकांची श्रद्धाच तशी, शिक्का मिळाला की काम झालं असं समजून घरी येऊन चहा प्यायचा. शेवटी वॉर्डाचा नगरसेवक तिला म्हणाला, "वहिनी, तिथं जागाच नाही हो." पुढे त्याच जागेवर त्याच्या वाढदिवसाचा फलक लागला, चांगला मुतारीएवढा रुंद.

मग निवडणूक लागली आणि सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला. ती म्हणाली, "मी उभी राहते. अपक्ष."

मी तेव्हा ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून होतो, तेही निवडणूक शाखेत. बायको उभी राहिली तर वर कळवावं लागणार, साहेबाचं तोंड वाकडं होणार, कुठेतरी आडबाजूला बदली होणार, ही माझी भीती. ती मी तिला सांगितली नाही. तिला कायदा सांगितला. म्हटलं, "अगं, मी रिटायर होईपर्यंत थांब. पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही, घटनेतच लिहिलंय. पाच वर्षांचा तर प्रश्न आहे." ती थांबली. तिला वाटलं, निवडणूक शाखेतला नवरा सांगतोय म्हणजे खरंच असणार.

पाच वर्षं झाली. मी रिटायर झालो, पालिकेची मुदत संपली, आणि निवडणूक? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी साथ आली, ते मान्य. साथ गेली तरी प्रशासक राहिला. प्रभाग कसे पाडायचे, एका प्रभागातून किती जण निवडायचे, हे राज्याचा कायदा ठरवतो, आणि कायदा बदलणं हा वरच्या मंडळींच्या हातचा मळ. एकाचे तीन झाले. सरकार बदललं, तिनाचे चार झाले. नकाशे लागले, हरकती मागवल्या, नकाशे रद्द झाले. आरक्षणाचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तारखांवर तारखा पडत राहिल्या. पाच वर्षांची मर्यादा घटनेत होती तिथेच राहिली. कुणी खोडली नाही, कुणी पाळलीही नाही. नोकरीभर हीच कलमं टाइप केली आणि एवढं भगदाड मला दिसलं नाही, डोंबलाचा कारकून मी.

ती मात्र तयारीत. घरपट्टी थकलेली नसल्याचा दाखला दरवर्षी नवा काढायची. उमेदवाराला स्वतःच्या घरात शौचालय असल्याचंही लिहून द्यावं लागतं, असं कुणीतरी तिला सांगितलं. ते ऐकून ती खूप हसली, आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. एकदा जुना अर्ज घेऊन पालिकेत गेली, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "नगरसेवकाचं पत्र जोडा."

"नगरसेवक आहेत कुठे?"

"मग निवडणूक झाल्यावर या."

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी भांडी लावताना तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाचा पुढे थोडी परतली, एकेका शब्दानं. 'पाणी'. 'नको'. 'बस'.

आणि मग लागली एकदाची निवडणूक. मी तिला चाकांच्या खुर्चीतून मतदानाला नेलं. चार मतं द्यायची होती, चार बटणं, सगळं डाव्या हातानं. मागची रांग कुरकुरायला लागली. मी त्यांच्यावर खेकसलो, त्यांचा काही दोष नसताना.

परतताना बाजारातून आलो. मासेवाली होती, पाठीत वाकलेली. पाटीशेजारी पाण्याची बाटली, सील न तोडलेली. ऊन चांगलंच चढलं होतं. तिनं बायकोचा शाई लावलेला हात हातात घेतला आणि विचारलं, "आता तरी व्हईल ना, ताई?"

बायकोनं तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक शब्द जुळवत म्हणाली, "पाच. वर्षांचा. तर. प्रश्न. आहे."

झटक्यानंतर एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली.