खो-खोच्या पोरी आणि खाकी ड्रिल

आम्ही निवृत्त शिक्षिका भेटलो की गप्पा गुडघेदुखीवरून सुरू होतात आणि पाच मिनिटांत मुलींच्या चड्ड्यांवर येतात! एकीला एक आठवतं, त्यावरून दुसरीला दुसरं. दोनदा चहा होतो, पण किस्से काही संपत नाहीत.

मी पंचवटीतल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवायचे. सत्तरचं दशक होतं. शिकवायचं होतं खो-खो, पण पहिलं वर्ष गेलं ते मुलींना घालायला काय द्यायचं याच प्रश्नात.

*

मुली युनिफॉर्मवरच खेळायच्या. निळा, चुण्यांचा स्कर्ट. रांगेत उकिडवं बसलं की तो चहूकडे मातीत पसरायचा.

पुष्पा आमची कॅप्टन, आठवीतली. एकदा तिला मागून खो मिळाला आणि ती सुटली. खो देणारीचा पाय नेमका तिच्या स्कर्टवर! टर्रकन आवाज झाला. वीतभर तुकडा तिथेच राहिला आणि पुष्पा पार खांबापाशी, पळणारीला शिवून.

मी टॉवेल घेऊन धावले. "अगं पुष्पा, स्कर्ट!"

"बाई, आधी सांगा, ती आऊट आहे ना?"

*

मग मेन रोडवरची दुकानं पालथी घातली. मुलींसाठी सगळीकडे झालरी, नायलॉन आणि छातीवर सॅटिनचं फूल. "पळायला चालेल असं टिकाऊ काहीतरी दाखवा," म्हटलं, तर एक दुकानदार म्हणाला, "बाई, मुलीला टिकाऊ कशाला? दोन वर्षांत साडी नेसेल."

"मग ती दोन वर्षं तरी टिकू द्या!"

त्याला हसू आलं. मुलांच्या कपड्यांच्या फळीवरून त्याने खाकी ड्रिलच्या जाड कापडाचा तागा ओढला. "हे न्या. पोरं हे घालून झाडावर चढतात."

"आमच्या पोरीही चढतात. फक्त उतरताना स्कर्ट फाटलेले असतात."

*

शिवायला दिलं वसंतरावांकडे. शाळेच्या मागच्या गल्लीत त्यांचं मशीन होतं. भला माणूस, पण मुलींची चड्डी त्यांनी आयुष्यात शिवली नव्हती. मापं सांगताना मी म्हटलं, "गुडघ्याखाली चार बोटं, वर घेर ढगळ. आणि दोन खिसे."

"मुलींना खिसे कशाला?"

"चिंचा ठेवायला!" मापासाठी बरोबर नेलेली पुष्पा मागून ओरडली.

खिसे झाले. जोड दुहेरी शिलाईचे, आणि बसताना ताण येतो तिथे चौकोनी ठिगळ. मला तरी धाकधूक होती. "वसंतराव, उकिडवं बसल्यावर उसवणार नाही ना?"

वसंतरावांना ते लागलं. "माझी शिलाई? उसवेल? हे बघा, असंच बसतात ना मुली?" असं म्हणून ते स्वतःच दुकानाच्या फरशीवर खो-खोच्या पवित्र्यात बसले. टर्रकन आवाज झाला!

मग वसंतराव तसेच बसल्या बसल्या, अतिशय शांतपणे म्हणाले, "हा पायजमा रेडिमेड आहे."

*

चड्ड्या वाटल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पुष्पा यायची थांबली. आठ दिवस झाले. जिल्ह्याच्या मॅचेस तोंडावर आल्या होत्या आणि तिच्याशिवाय आमची टीम म्हणजे नुसती रांग. शेवटी एक चड्डी बरोबर घेऊन सायकल काढली आणि गंगापूर रोडने तिच्या मळ्यावर गेले. तेव्हा तिकडे भाजीचे मळेच होते.

वडील मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. पण पोरगी चड्डी घालून चार गावच्या लोकांसमोर पळणार? लोक काय म्हनतील? आमच्यात नाय चालत."

पुष्पा दारात उभी होती. डोळे सुजलेले. येताना वाटेत जुळवलेलं सगळं भाषण मी विसरले.

तेवढ्यात वांग्यांच्या सरीतून तिची आजी आली. नऊवारीचा काष्टा घट्ट, पोटऱ्या चिखलाने भरलेल्या, डोक्यावर पाटी. पाटी उतरवून तिने माझ्या हातातली चड्डी घेतली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली, शिवण उलटी करून पाहिली.

"मग? वाईट काय हाय ह्यात?"

"आई, पाय दिसत्यात," वडील म्हणाले.

"अन् माझे काय झाकलेत व्हय रं? चाळीस वर्सं अशीच राबते हितं. काष्टाच हाय हा, नुस्ता शिवलेला! जा गं पुष्पे, बाईंसंगं जा."

वडिलांनी जुडी बांधून बाजूला ठेवली. दुसरी घेतली. मग म्हणाले, "बाई, लौकर आना तिला घरी."

*

त्या वर्षी मॅचेस देवळ्याला होत्या. सेमीफायनल. समोरची टीम गावातलीच, सगळ्या स्कर्टवाल्या. त्यांची कॅप्टन वाऱ्यासारखी पळायची. अडीच मिनिटं कुणाला सापडली नव्हती. खांबाला वळसा घालताना तिचा स्कर्ट खिळ्यात अडकला आणि कमरेपासून फाटला. दोन्ही हातांनी तो धरून ती खालीच बसली. पंचांनी खेळ थांबवला. त्यांच्या बाई सेफ्टी पिना शोधत होत्या, पण ते पिनांचं काम राहिलं नव्हतं. मुलगी रडायला लागली.

मी काही म्हणायच्या आत पुष्पाने आपली पिशवी उघडली, जादा आणलेली खाकी चड्डी काढली आणि तिच्या हातात दिली. ती शाळेच्या खोलीत जाऊन बदलून आली.

नंतर ती आम्हाला शेवटपर्यंत सापडलीच नाही! आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या एसटीत पुष्पा खिडकीशी, चेहरा बाहेर. गाव बरंच मागे पडलं तेव्हा मी विचारलं, "पुष्पा, ती चड्डी परत घेतलीस ना गं?"

"नाही बाई," ती म्हणाली. "तिची उद्या फायनल आहे."